मीराबाई खाली बसल्या नाहीत

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत कुणाला पहिल्यांदाच चर्चमध्ये गाणं ऐकायला जायचं असेल, तर त्यानं आधी मीराबाईंच्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसावं, असा आता रिवाजच पडला आहे. डिसेंबर लागला की बाया येतात, ऊन खात बसतात आणि विचारतात, चप्पल काढायची का, डोक्यावर पदर घ्यायचा का, मध्येच खोकल्याची उबळ आली तर काय करायचं. मीराबाई मटार सोलता सोलता सगळ्यांना उत्तरं देतात. थाट असा, की चर्चची घंटासुद्धा यांना विचारून वाजत असावी.

बाकी शहाण्या माणसांना सल्ला देण्याचा अधिकार मिळतो तो नियम पाळल्यामुळे. मीराबाईंना मिळाला तो ऐकलेले बरेचसे सल्ले मोडल्यामुळे. ते कसं झालं हे सांगायचं तर त्यांच्या नातीपासून, मयूरीपासून सुरुवात करायला हवी.

मीराबाई मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा भगवानराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर मुलगा प्रबुद्ध रेल्वेतच लागला, त्यालाही याच कॉलनीत क्वार्टर मिळालं. प्रबुद्ध आणि त्याची बायको दोघंही नोकरीवर, म्हणून मयूरी वाढली ती आजीच्या हाताखाली. पोरीचं मराठी निम्मं हिंदीत बुडवलेलं, पण गळा मात्र आजीचा. मीराबाई भाकरी थापता थापता बाबासाहेबांची गाणी म्हणायच्या आणि ही ओट्याला टेकून ती उचलायची. अर्थ विचारायची नाही, सूर मात्र एक चुकायची नाही.

तर अशी ही पोर शाळेच्या एका समारंभात गाताना मधेच अडकली. शब्द आठवत होते, आवाजच फुटेना. समोरची पोरं हसली. तेव्हापासून लोकांपुढे उभं राहिलं की तिच्या घशात गोळा यायचा. तो गोळा विरघळवायचा उपाय एकच, समोर आजी दिसली पाहिजे. आजीनं मान डोलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत, फक्त बघत राहायचं. मीराबाई बघत असल्या की मयूरी कुणाच्याही बापाला न भिता गायची.

त्या वर्षी नाताळच्या आधी शहरातल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये समूहगायनाचा मोठा कार्यक्रम ठरला. चर्चच्या गायकांबरोबर शाळेतल्या काही मुली घेतल्या, त्यात मयूरी होती. बाळाला निजवण्याचं एक हिंदी गाणं होतं, त्यातलं एक कडवं गाणं शिकवणाऱ्या सरांनी तिला एकटीनं म्हणायला दिलं. पण सर व्यवहारी माणूस. त्यांनी तिच्या शेजारी प्रणाली नावाच्या मुलीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मयूरी अडकली तर प्रणालीनं लगेच ओळ उचलायची, गाणं थांबता कामा नये. त्यात चूक काहीच नव्हतं. फक्त तालमीत मयूरी दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा प्रणालीनं ओळ उचलली. आणखी एकदा अडकली असती तर कडवं प्रणालीचं झालं असतं, आणि मयूरी पुन्हा कधी तोंड उघडून उभी राहिली नसती. हे त्या पोरीला कळत होतं, आजीलाही कळत होतं.

घरी येऊन ती म्हणाली, “आजी, तू ये. मतलब अशी बस की मला तू दिसशील. नाहीतर माझ्याकडून नाही होणार.”

मीराबाईंना एवढं पुरलं.

आता चर्चमध्ये त्या जन्मात गेल्या नव्हत्या. तिथं कसं वागतात हे विचारायचं तर कुणाला? प्रणालीची आई आसावरीताई मराठीच, जवाहर नगरला राहणाऱ्या. यजमान फौजेतून निवृत्त झालेले, देशभरातल्या छावण्या फिरून आलेले. आसावरीताईंनी अशा कार्यक्रमांना कितीदा तरी हजेरी लावलेली. मयूरीला तालमीहून आणायला गेल्यावर मीराबाईंनी त्यांना गाठलं, आणि आसावरीताईंनी फाटकापाशी उभ्या उभ्या सगळा पाठ घेतला. त्या बोलतात छान, साताऱ्याकडचं स्वच्छ मराठी, एकेक शब्द इस्त्री केलेला.

वेळेच्या आधी पोचायचं. फोन बंद करायचा. डबा, गजक, रेवडी असलं खायचं काही पिशवीत न्यायचं नाही, तिथं कागद जरी वाजला तरी सगळे वळून बघतात. चप्पल काढायची नाही. पांढरी साडी नेसायची नाही, तो सणाचा कार्यक्रम असतो, लोक लाल-हिरवं घालून येतात. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, सगळे बसले की बसायचं. दोन गाण्यांच्या मधे टाळ्या तर मुळीच वाजवायच्या नाहीत, शेवटी एकदाच. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं नेहमी मागच्या बाकावर बसावं, म्हणजे पुढचे काय करतात ते बघून तसं करता येतं.

मीराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका विचारली. गाणं आवडलं, तर मग करायचं काय? आसावरीताई म्हणाल्या, काही नाही, मनात ठेवायचं.

“मनात ठेवून थे पोरीले कसं कळन?” मीराबाई म्हणाल्या. आसावरीताई हसल्या आणि विषय तिथंच संपला.

आसावरीताईंच्या मनात पाप होतं, असं मीराबाई आजही म्हणत नाहीत. बाईनं खऱ्या मनानंच सांगितलं असणार. पण मागच्या बाकाचा सल्ला देताना आपली मुलगी शेजारी तयारीत उभी आहे, हे त्या विसरल्या असतील असंही मीराबाई म्हणत नाहीत. आईचं मन आहे, त्याला दोन कप्पे असायचेच.

घरी वेगळीच कुरकुर. प्रबुद्धच्या कामावर कुणीतरी त्याला टोचून बोललं होतं, काय राव, आता चर्चमध्ये का, हाही धर्म सोडला काय. प्रबुद्ध तसा पापभीरू माणूस, कुणाच्या तोंडाला लागत नाही. तो रात्री जेवताना चाचरत म्हणाला की मयूरीला जाऊ दे, पण घरच्या सगळ्यांनी जायलाच पाहिजे असं काही नाही.

मीराबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. “माह्या बापानं धर्म बदलला थो नागपुरात, भर मैदानात, लाखो लोकाईसमोर. चोरून नाई. लेकराचं गाणं ऐकल्यानं उडून जाईन इतका कच्चा नाई थो. सांग तुह्या दोस्ताईले.”

प्रबुद्धनं दोस्तांना सांगितलं की नाही कोण जाणे, पण घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं म्हातारीचा हट्ट वाटेल. प्रबुद्ध लहान होता तेव्हाची. शहरातल्या एका मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता, ज्याला येईल ते म्हणून दाखवा असं आवतण होतं. मीराबाईंनी नाव दिलं. आधी कुणाचं नाट्यगीत झालं, कुणाचा अभंग झाला, दाद मिळाली. मग या उभ्या राहिल्या, पहिली ओळ म्हटली, आणि ओळीत बाबासाहेबांचं नाव आलं. व्यासपीठावरचे एक गृहस्थ अगदी गोड हसून म्हणाले, बाई, वेळ फार झाला, बसा आता. ध्वनिक्षेपक बंद झाला. त्यानंतर अर्धा तास कुणीतरी विनोद सांगत होतं. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. मीराबाई पदर सावरून खाली बसल्या. पण त्या दिवसापासून ‘बसा आता’ हे दोन शब्द त्यांच्या पोटात खड्यासारखे पडून होते. घालवलेल्या गाण्याचं त्यांना तितकं दुःख नव्हतं. आपण बसलो, याचा राग होता.

कार्यक्रमाच्या दिवशी थंडी चांगलीच झोंबत होती. मीराबाईंनी पेटीतून पांढरी साडी काढली. विहारात जाताना नेसतात ती, निळ्या काठाची. सून म्हणाली, आई, त्या ताईंनी पांढरी नको म्हटलं होतं ना. मीराबाई म्हणाल्या, मी काही सणाला नाही चालली, वंदनेला चालली. वर भगवानरावांची जुनी करडी शाल घेतली आणि मयूरीला घेऊन ऑटोत बसल्या. प्रबुद्धची ड्यूटी होती, तो सुटल्यावर परस्पर येणार होता, आणि सुनेलाही तेव्हाच सुटी होणार होती.

चर्चच्या दाराशी त्यांनी चप्पल काढून भिंतीशी लावली. जिथं माणसं हात जोडतात तिथं चप्पल घालून जायचं हे त्यांच्या पायांनाच कबूल होईना. आत फरशी बर्फासारखी. टाचा बधिर झाल्या, पण बाई सरळ चालत पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. इथून पोरीला दिसू, एवढाच हिशेब.

कोट घातलेला एक तरुण स्वयंसेवक आला. अगदी अदबीनं वाकून म्हणाला की माताजी, ही जागा पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे. मीराबाईंनी सांगितलं, माझी नात गाणार आहे. तो म्हणाला, माताजी, इथं सगळ्यांचंच कुणी ना कुणी गाणार आहे. त्याचं म्हणणं खरं होतं आणि सांगण्याची रीतही चांगली होती. खऱ्या बोलण्यापुढे मीराबाई आडमुठेपणा करत नाहीत. त्या उठल्या. मागून आसावरीताई हात करत होत्याच, त्यांनी अगदी शेवटच्या बाकावर, खांबाशेजारी, दोघींसाठी जागा धरली होती. इथून ऐकू फार छान येतं, असं त्या म्हणाल्या. ऐकू येत असेलही. दिसत मात्र होता नुसता खांब.

मग दिवे मंद झाले. हातात मेणबत्त्या घेऊन गायक दोन्ही बाजूंनी आले आणि पायऱ्यांवर ओळीनं उभे राहिले. एक गाणं झालं, दुसरं झालं. सगळे उभे राहिले तेव्हा मीराबाई उभ्या राहिल्या, सगळे बसले तेव्हा बसल्या. टाळी एकानंही वाजवली नाही. आसावरीताईंनी समाधानानं त्यांच्याकडे पाहिलं. आणि गाणी सुंदर होती, यात वादच नाही. इतके गळे एकत्र येऊन एकच सूर लावतात तेव्हा छातीत काहीतरी हलतं, ते कुठल्या देवाचं आहे हे विचारत नाही.

मग ते बाळाचं गाणं आलं. मीराबाईंनी खांबाच्या कडेनं मान तिरकी केली. मयूरी एक पाऊल पुढे आली होती. तिची नजर पहिल्या बाकावर गेली, दुसऱ्या बाकावर गेली, मग भिरभिरायला लागली. मीराबाईंना ती खांबाआडून अर्धी दिसत होती. त्या मात्र तिला मुळीच दिसत नव्हत्या.

बाजाच्या पेटीवर चाल वाजली आणि कडव्याच्या तोंडाशी येऊन थांबली. मयूरीनं तोंड उघडलं. आवाज नाही. सरांनी हाताची खूण करून चाल पुन्हा वाजवायला लावली. पुन्हा नाही. सरांची मान प्रणालीकडे वळली आणि प्रणालीनं श्वास भरून घेतला.

मीराबाई उभ्या राहिल्या.

अख्खं चर्च बसलेलं आणि ही एकटी बाई उभी. आसावरीताईंनी त्यांचा पदर ओढला आणि कुजबुजल्या, “मीराबाई, बसा. मागच्यांना दिसत नाही.” मागे भिंत होती. मीराबाईंनी पदर सोडवून घेतला, बाकाच्या बाहेर आल्या आणि मधल्या वाटेत, बरोबर मध्यावर, अनवाणी जाऊन उभ्या राहिल्या. खांद्यावरची करडी शाल काढून हातात धरली. त्या अंधारात आता एकच पांढरी उभी रेघ होती, आणि ती चर्चच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसली असती.

मयूरीला दिसली.

पोरीचे खांदे खाली आले. प्रणालीनं भरलेला श्वास तसाच सोडला आणि पाऊलभर मागे सरली. तिचेही उपकार मीराबाई मानतात. आणि मयूरी गायला लागली.

तो कोटवाला तरुण धावत आला. “माताजी, बैठ जाइए,” तो अगदी हळू म्हणाला.

मीराबाईंनी नातीवरची नजर काढली नाही. “बेटा, अभी नहीं.”

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग समोर गाणाऱ्या मुलीकडे पाहिलं. काय समजायचं ते समजला असावा, कारण तो तिथंच बाजूला हात बांधून थांबला. मीराबाई बघत राहिल्या. मान डोलली नाही, ओठ हलले नाहीत. मयूरीनं आख्खं कडवं म्हटलं. शेवटच्या ओळीवर सूर असा लांबवला की सर हात खाली घ्यायचे विसरले.

गाणं संपलं. नियमाप्रमाणे कुणी टाळी वाजवली नाही. मोठी शांतता झाली, आणि त्या शांततेत मीराबाईंनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “साधु, साधु, साधु.”

विहारात वंदना झाली, कुणी चांगलं बोललं, की टाळ्या नसतात, हेच म्हणतात, तीनदा. मीराबाईंच्या लेखी ही टाळी नव्हतीच, म्हणजे नियमही मोडला नव्हता. पण आवाज अकोल्याच्या मैदानात तयार झालेला, तो त्या उंच छताला लागून परत आला. बाकाबाकांवरून माना वळल्या. कुणी हसलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या. मयूरी पायऱ्यांवरून आजीकडे बघून हसली, सगळे दात दाखवून, जशी शाळेतल्या त्या प्रसंगानंतर ती चारचौघांत हसली नव्हती. मग मीराबाई सावकाश आपल्या बाकावर आल्या आणि बसल्या. स्वतःच्या मर्जीनं.

बाहेर आल्यावर चपला शोधताना मागून एका बाईचा आवाज आला. ऐकू जावं अशाच बेतानं ती कुणाला तरी सांगत होती, की असल्या लोकांना आधी शिकवून मग आणावं. मयूरीचा चेहरा उतरला. मीराबाईंनी चपला पायात सरकवल्या, वळल्या आणि त्या बाईकडे नुसतं बघत उभ्या राहिल्या. शेवटी त्या बाईलाच तिथून हलावं लागलं.

आसावरीताई मात्र दुखावल्या होत्या. त्यांना चार ओळखीच्या माणसांत लाज वाटली होती, आणि मुलीचं हुकलेलं कडवंही कुठंतरी सलत असेल. त्या म्हणाल्या, एवढं सगळं समजावून सांगितलं होतं मी.

“ताई, तुमी सांगतलं थे सगळं ध्यानात होतं माह्या,” मीराबाई म्हणाल्या. “म्हणून तं कळलं, मी काय काय मोडून राह्यली थे.”

आसावरीताईंना हसू आवरेना. त्या हसल्या म्हणून त्यांच्याबद्दल मीराबाईंच्या मनात जे काही होतं ते तिथंच मिटलं.

प्रबुद्ध ड्यूटीच्या निळ्या कपड्यातच आला होता, बायकोला वाटेत घेऊन. उशीर झाला म्हणून दोघं आत न जाता दारातच थांबले होते, आणि त्यानं आईला मधल्या वाटेत उभं राहिलेलं पाहिलं होतं. सगळे ऑटोत बसले. मयूरी आईच्या खांद्यावर डोकं टाकून तीच चाल गुणगुणत होती. मग प्रबुद्ध एकदम म्हणाला, “आई, त्या मंडळाच्या कार्यक्रमात मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. तू बसलीस तेव्हा मला फार राग आला होता. तुझाच.”

हे मीराबाईंना माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, तो खडा आपल्या एकटीच्याच पोटात आहे. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, वाऱ्यानं सुकू दिलं.

“त्या दिवशी गाणं माह्यं होतं,” त्या म्हणाल्या. “आपल्या गाण्यासाठी बाई बसून जाते रे. आज थे लेकराचं होतं. आता नाई बसत.”

दुसऱ्या वर्षी कॉलनीतल्या बऱ्याच बाया चर्चमध्ये गेल्या. मयूरीला पुन्हा कडवं मिळालं होतं, दुसरं प्रणालीला. दाराशी चपलांची एवढी रांग लागली की त्या कोटवाल्या तरुणानं कुठून तरी एक सतरंजी आणून अंथरली. कामावर प्रबुद्धला पुन्हा कुणी टोचलं, तेव्हा त्यानं आजोबांची नागपूरची गोष्ट सांगितली म्हणे, आईच्याच शब्दांत. आणि चौदा एप्रिलला कॉलनीच्या मैदानात मीराबाई ते अर्धवट राहिलेलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायल्या. कुणी वेळ झाला म्हटलं नाही. कुणी म्हणून तर बघायला हवं होतं.

परवा पायरीवर कॉलनीतली एक नवी बाई आली होती, भुसावळहून नुकतीच बदलून आलेली. तिचा मुलगा यंदा पहिल्यांदा गाणार आहे. तिनं सगळं विचारून घेतलं, फोनचं, डब्याचं, टाळ्यांचं. मीराबाईंनी नीट सांगितलं, लोकाईच्या घरी लोकाईची रीत पाळावी, आसावरीताईंना विचार, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. उठता उठता ती म्हणाली, आणि बसायचं कुठं, आजी?

मीराबाईंनी सोललेले मटार पातेल्यात लोटले.

“जागा देतीन तिथं बस. तिथून लेकराले तू दिसली, तं चांगलंच हाय. नाई दिसली तं उभी राह्य. कोणी येईन, गोड बोलून बसा म्हणन. त्याले म्हण, अभी नहीं.”